एक हजार ऐंशी रेषा

म्हापशाचा शुक्रवार.
चोरीसच्या माळा, मुड्ड्यांची केळी, मातीच्या घागरी,
सगळं खाली रस्त्यावर.
वर पहिल्या मजल्यावर, काचेमागे, एसीत
आमची पेटी : चोवीस हजार नऊशे नव्वद.
काळी, चपटी, कपाळावर एक निळा दिवा.

कायतान जिना चढून येई, हेल्मेट काखेत,
पिवळ्या मडगार्डाचा पायलट,
सकाळच्या भाड्यांची धूळ मिशीत.
"आज कितलो दर?"
मी सांगे. तो मान हलवी,
बांगड्याच्या पाटीपुढून उठताना हलवतात तशी :
ठीक आहे, उन्हं कलली की उतरेल.

आणि उतरायचा.
चवथीला अठरा, नाताळात साडेचौदा.
मग तिकडे दूर दोन कंपन्यांची झुंज लागली,
दोन जातींच्या तबकड्या,
त्यातली एक मेली.
(मेलेल्या जातीची दोन खोकी अजून आमच्या माळ्यावर,
मालक त्यांवर डबा ठेवून जेवतात.)
जिंकलेलीचा भाव आता चढणार, मालक म्हणाले.
कार्निव्हालपर्यंत तो अकरावर आला.

दर खेपेला मी त्याला समुद्राखालचा नमुना दाखवी.
माशाचा खवला न् खवला मोजून घ्यावा असा.
"हें तुज्या तबकडेर," तो एकदा म्हणाला.
"म्हज्या तबकडेर कितें दिसतलें?"
आणि लायसनच्या पाकिटातून काढली
प्लास्टिकमधली एक सीडी,
वर मार्करने : लिनेट, लग्न, ९९.

मी खरं तेच सांगितलं, निदान तेव्हा तरी.
तुमच्या कॅमेऱ्याने टिपल्या पाचशे शहात्तर रेषा, त्याही असल्या तर.
पेटी दाखवते एक हजार ऐंशी.
मधल्या?
मधल्या ती अंदाजाने भरते,
शेजारच्या ठिपक्याला विचारून.
कायतान हसला. "म्हणजे आमचा वाडाच की."

मग म्हणाला, चार सेकंद आहेत त्यात.
हॉलच्या मागच्या दारात पास्कोला उभी आहे,
हातात काहीतरी आहे तिच्या.
काय ते मला बघायचंय.

तिलाच विचारा की, मी म्हटलं.

त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं,
तिथेच, दुकानात, पंख्याखाली.
पट्टा लावला.
मला उशिरा कळलं.

चार हजार नऊशेला त्याने ती घेतली.
दहाच्या नोटा, पन्नासाच्या, पेट्रोलच्या वासाच्या.
माझं कमिशन नव्वद रुपये.
घरी टीव्ही कोणता, हे मी विचारलं नाही.
आमच्या छापील यादीत पहिला प्रश्न तोच आहे.

उसकईला संध्याकाळी जोडायला गेलो.
टीव्ही पोट सुटलेला, पाठीला तीनच भोकं :
पिवळं, लाल, पांढरं.
साडेसहाशेची चपट्या तोंडाची वायर
माझ्या हातातच राहिली.
त्या तीन भोकांतून वीस लाख ठिपके
जायचे कसे?
मी जुन्याच तीन पिना खुपसल्या,
जाड वायर गुपचूप बॅगेत टाकली, बिलातून खोडली.

नवरी, केक, बँडवाल्याचा गाल, कुणाची तरी पाठ.
मग दार.
त्याने चित्र थांबवलं.

"रुमाल," तो म्हणाला.
पुन्हा लावलं. "न्हय. बोलिन्हांची ताटली."
पुन्हा.
"हेल्मेट. तेव्हा माझं पांढरं होतं.
खुर्चीवर विसरलो असणार, ती शोधत आली."

मी पाहिलं :
दहा-बारा पांढरे चौकोन, कडांना थरथरणारे,
त्यांच्या वर एक चेहरा, तोही तेवढ्याच चौकोनांचा.

"आधीपेक्षा साफ दिसतं ना?"

हो, मी म्हटलं.
हमीपत्रावर शिक्का मारला. एक वर्ष.

त्यानेच मला म्हापशाच्या स्टँडवर सोडलं,
अंधारात, फार हळू चालवत.
भाडं मात्र घेतलं, तीस रुपये.
मी घासाघीस केली नाही.